वाटीतलं पाणी हलू नये म्हणून

हौशी माणसांचा मला मुळातच राग येतो. स्वतःच्या हौसेपायी घरातल्यांना वेठीला धरतात आणि वर कौतुकाची अपेक्षा करतात. त्यातही गाण्याची हौस असणाऱ्यांपासून मी चार हात लांब असते, कारण मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. आणि बँकेने कोलकात्याला बदली केल्यावर मला शेजार मिळाला तो नेमका श्यामसुंदर टोकेकरांचा. बालीगंजातलं जुनं घर, दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडं, एकात मी एकटी आणि दुसऱ्यात हे नवराबायको. माझा नवरा उन्मेष पुण्याला. पहिल्याच आठवड्यात शकुनकाकूंनी ठरवून टाकलं की संध्याकाळचा चहा मी त्यांच्याकडेच घ्यायचा. तो चहा घेत घेत मी गाणं सोसायला शिकले.

टोकेकरकाका रेल्वेतून निवृत्त झालेले. सगळी नोकरी रुळांच्या देखभालीत गेली. खरगपूर, चक्रधरपूर करत शेवटी गार्डन रीचच्या मुख्यालयात. निवृत्तीनंतर बरोबरीची मंडळी आपापल्या गावी परतली, हे परतले नाहीत. मुलगी नूपुर बंगळूरला, पुण्यात आता ओळखीचं कोणी उरलेलं नाही, आणि काकूंना इथल्या संध्याकाळी आवडतात, एवढी कारणं त्यांना पुरली. अर्धं आयुष्य या शहरात गेलं, पण राहणं मात्र अजून बदलीवर आलेल्या माणसाचं. क्वार्टर सोडताना भिंतीला खिळ्याचं भोक दिसता कामा नये, हा नियम त्यांनी भाड्याच्या घरातही पाळला. कॅलेंडर लावायचं तर आधीच्या भाडेकरूने खिळा मारून ठेवला होता तिथे, म्हणजे बाथरूमच्या दारामागे. तारीख बघायची झाली की काका बाथरूममध्ये जात.

खुर्च्यांच्या पायांना त्यांनी रबरी टोप्या घातल्या होत्या. दार लावताना एक हात कडीवर ठेवून ते दुसऱ्या हाताने दार ढकलत, आवाज होऊ नये म्हणून. वर राहणाऱ्याने आपण कुणाच्या तरी डोक्यावर राहतो हे विसरू नये, असं त्यांचं म्हणणं. मी टाचा आपटत जिने चढते, हे त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. फक्त दिवाळीला मऊ सपाता भेट दिल्या.

हौस एकच, संध्याकाळचं गाणं. त्यांच्या पुढच्या खोलीत खिडकीशी एक तक्तपोश होता, बंगाली घरांतून असतो तसा उंच, जाड फळ्यांचा लाकडी पलंग. त्याच्या दोन्ही टोकांना जमिनीवर काकांचे उंच स्पीकर उभे. समोर काकांची खुर्ची, दोन्ही स्पीकरांपासून अगदी सारख्या अंतरावर. काकू तक्तपोशावर बसत, पाठ पलंगाच्या लाकडी डोक्याला टेकून. लग्न झाल्यापासून दिवेलागणीला दोघांनी मिळून काहीतरी ऐकायचं, मग ते क्वार्टर कुठल्याही गावातलं असो. नूपुर म्हणते, आईबाबांचं भांडण तिने पाहिलं आहे, पण गाणं न लावता गेलेली संध्याकाळ पाहिलेली नाही.

मी आले तेव्हा काकूंचे कान उतरणीला लागून काही वर्षं झाली होती. जवळ बसून, तोंडासमोर तोंड ठेवून बोललं तर कानाचं मशीन लावून त्यांना बोलणं कळे. पण मशीनमधून गाणं ऐकलं की पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणायच्या. म्हणून गाणं लागायच्या आधी त्या मशीन काढून डबीत ठेवत आणि डोळे मिटून बसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता फार काही शिल्लक नाही आणि आहे तेही टिकेलच असं नाही. तरी गाणं सुरू झालं की काकूंची बोटं लाकडावर ठेका धरत आणि समेला मान बरोबर खाली येई. मला सम कळत नाही. काकांचीही मान त्याच वेळी खाली जायची, त्यावरून मी ओळखत असे.

"बोलणं जाऊ दे गं," काकू एकदा मला म्हणाल्या. "माणसं बोलून बोलून काय बोलतात? पण हे एवढं राहिलं पाहिजे. हे गेलं तर यांच्याजवळ बसून मी करू काय?"

दुर्गापूजेच्या मंडपाचे बांबू गल्लीत येऊन पडले होते, त्या सुमाराला खालच्या मजल्यावरच्या तरफदार मासीमा, म्हणजे मावशी, वर आल्या. हातात नारळाच्या लाडवांची बशी. बराच वेळ त्या हवापाण्याचं बोलल्या, आणि उठता उठता म्हणाल्या, "दादा, किछु मोने कोरबेन ना." राग मानू नका, अशी सुरुवात झाली की पुढे काय येणार ते कळतंच. तरफदारबाबूंची बायपास होऊन ते घरी आले होते. दिवसभर पडून असत. संध्याकाळी वरचा तबला छतातून खाली येतो आणि त्यांच्या छातीत धडधडतं, म्हणाल्या. गाणं बंद करू नका, गाणं तर त्यांनाही आवडतं, फक्त तो धक्का जरा कमी झाला तर बरं.

काकांचा चेहरा उतरला. इतकी वर्षं आपण रबरी टोप्या घालून राहिलो आणि आपल्यामुळे एका आजारी माणसाच्या छातीत धडधडतं, हे त्यांना सहन होईना. त्या संध्याकाळी आवाज त्यांनी इतका बारीक केला की मलाही ऐकू येईना. काकूंनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी पुन्हा वाढवला आणि गाणं संपेपर्यंत अपराध्यासारखे जमिनीकडे बघत राहिले.

"काका," मी म्हणाले, "आठवड्याभरात मंडपात ढाकाचे ढोल वाजतील, लाउडस्पीकर लागतील. त्यांना कुठे रबरी टोप्या घालणार आहात?"

"ते त्यांचं गाव आहे, अश्विनी."

"आणि तुमचं कुठलं?"

ते स्पीकरचा तळ तपासत होते. आवाज हवेतून जातो तो वेगळा आणि धक्का जमिनीतून जातो तो वेगळा, असं त्यांनी मला समजावलं. खालच्या माणसाला त्रास होतो तो धक्क्याचा. रूळ आणि त्याखालचा स्लीपर यांच्यामध्ये रबराची गादी असते, ती नसती तर गाडीच्या हादऱ्याने सगळं खिळखिळं झालं असतं. म्हणजे स्पीकर आणि जमीन यांच्यामध्ये तसंच काहीतरी घालायला हवं. जन्मभर हेच केलेलं, त्यामुळे स्वारी एकदम कामाला लागली.

आधी भांडी घासायचे स्पंज घातले, ते वजनाने चपटे झाले. मग जुनी सतरंजी. मग योगाची चटई कापून तिचे थर. प्रत्येक वेळी परीक्षा एकच. पाण्याने काठोकाठ भरलेली स्टीलची वाटी जमिनीवर ठेवायची, तबला जोरात लावायचा आणि काकांनी पालथं पडून पाण्याकडे बघायचं. पाणी थरथरलं की नापास. शेवटी टेनिसच्या चेंडूंनी काम होईलसं दिसलं, पण चेंडू घरंगळत. तेव्हा काकूंनीच युक्ती काढली. आपली जुनी सुती साडी फाडून, पिळून त्यांनी चुंबळी केल्या, माठाखाली ठेवतात तशा. प्रत्येक चुंबळीत एक चेंडू बसवला. वर सपाट आणि जड काहीतरी हवं होतं, म्हणून काकूंचा संगमरवरी पोळपाट गेला. स्पीकर दोन, त्यामुळे दुसरा पोळपाट माझा. तो परत मिळेपर्यंत मी पाव खाल्ला.

आणि पाणी हललं नाही. काका जमिनीवर पडल्या पडल्या ओरडले, "शकुन, बघ, हूं की चूं नाही!" काकूंनी ओठांवरून ओळखलं आणि हसल्या. काकांनी खाली जाऊन विचारून घेतलं. तरफदारबाबू म्हणाले, आता काही म्हणजे काही जाणवत नाही. जिने चढून वर आलेला माणूस दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

पूजा झाली, कालीपूजा झाली, हवा गार झाली आणि पंखे बंद झाले. संध्याकाळचा कार्यक्रम पूर्वीसारखा चालू होता. काकू डबीत मशीन ठेवत, डोळे मिटत, बोटं लाकडावर चालत. थोड्या गप्प झाल्या होत्या, पण थंडीत त्यांचे सांधे दुखतात, तसं काहीतरी असेल असं मला वाटलं.

मग एके दिवशी काकांचा अॅम्प्लिफायर बंद पडला. जुना होता, तापला की आपोआप बंद व्हायचा, त्यात नवल काही नव्हतं. गाणाऱ्या बाईचा आवाज मध्येच तुटला आणि खोलीत एकदम शांतता झाली. काका चरफडत उठले. बटणापाशी जाऊन त्यांनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचा हात तिथेच राहिला.

काकू डोळे मिटून ठेका धरत होत्या. बोटं एकामागून एक लाकडावर पडत होती. मान हलत होती. मग मान हलकेच खाली आली आणि त्या म्हणाल्या, "वा!"

खोलीत कसलाही आवाज नव्हता. बाहेर बालीगंज स्टेशनातून लोकल सुटल्याचं ऐकू येत होतं. मी काकांकडे बघू शकले नाही. काकूंनी डोळे उघडले, आम्हा दोघांचे चेहरे पाहिले आणि अॅम्प्लिफायरचा विझलेला लाल दिवा पाहिला. साडीचा पदर सारखा करत बसल्या.

नंतर काकांनी मशीन त्यांच्या कानात घातलं, स्वतःच्या हाताने, आणि विचारलं, "कधीपासून?"

"पूजेच्या आधीपासून."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही इतके खुशीत होतात," काकू म्हणाल्या. "पाणी हललं नाही म्हणून. त्याच दिवशी मी बसले आणि काहीच आलं नाही. म्हटलं, संपलं. होणारच होतं. मग तुमची मान बघून ठेका धरायचे. डोळे थोडे किलकिले ठेवून. आज नेमके पूर्ण मिटले."

मला रडू आलं. एका बाईने दीड महिना, रोज संध्याकाळी, नवऱ्याला एकटं वाटू नये म्हणून बहिरेपण लपवलं आणि मी शेजारी बसून चहा पीत होते. काका दुसऱ्या दिवशी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मीही रजा टाकून गेले, कारण त्या अवस्थेत काकांना टॅक्सीवाल्याला पत्ता नीट सांगता येईना.

डॉक्टरांनी तपासलं, पुन्हा तपासलं आणि सांगितलं की मागच्या तपासणीत कान जसे होते तसेच आहेत. वाईट होते, पण आणखी वाईट झालेले नाहीत. काका त्यांच्याशी वाद घालायला लागले, तेव्हा मी त्यांना बाहेर आणलं.

घरी आल्यावर काकूंना आत झोपवून ते पुढच्या खोलीत येऊन उभे राहिले. "कान तेच," ते पुटपुटत होते. "स्पीकर तेच. रेकॉर्ड तीच. खोली तीच. मग बदललं काय?"

मला रजा, टॅक्सी, डॉक्टर या सगळ्याचा वैताग आला होता. मी फाडकन म्हणाले, "माझा पोळपाट बदललाय, काका. तो पूर्वी माझ्या घरी होता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोळपाटाकडे. मग ते हळूच खाली बसले. गुडघ्यावर बसून त्यांनी जमिनीवर तळहात ठेवला, तिथून तो तक्तपोशाच्या पायापर्यंत नेला, आणि पायावरून वर फळीपर्यंत.

"जमिनीतून जात होतं," ते म्हणाले. "कानातून नाही. जमिनीतून पलंगात आणि पलंगातून तिच्यात. आणि ते मी बंद केलं."

मलाही तेव्हाच उमगलं. खाली तरफदारबाबूंच्या छातीत जे धडधडत होतं, तेच वर काकूंच्या पाठीत, बोटांत जात होतं. एकाचा त्रास तोच दुसरीचा तबला होता. आणि तो तोडायला चुंबळी वळून दिल्या होत्या काकूंनीच.

काकू उठल्यावर काकांनी एक स्पीकर पोळपाटावरून उतरवून जमिनीवर ठेवला आणि गाणं लावलं. तक्तपोशावर बसलेल्या काकूंनी चमकून खाली बघितलं. दोन्ही तळवे त्यांनी फळीवर पसरले. एवढं पाहिलं आणि काकांनी गाणं बंद केलं.

"बंद का केलंत?"

काकांनी सगळं सांगितलं. मशीन लावूनही काकूंना ते दोनदा सांगावं लागलं. ऐकून त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. त्यांनी फळीवरचे हात उचलून मांडीत घेतले.

"म्हणजे कान कधीच गेले होते," त्या म्हणाल्या. "मग इतके दिवस मला वाटत होतं मी ऐकतेय, ते काय होतं?"

मी काकांना बाजूला घेऊन म्हटलं, "मासीमांना जाऊन सांगा. दिवसातून तासभर तर प्रश्न आहे. त्या नाही म्हणणार नाहीत."

"नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच सांगायचं नाही," काका म्हणाले. "छातीवर हात ठेवून तो माणूस तासभर पडून राहील आणि वर हसून सांगेल की काही होत नाही. एकीने तेच केलं दीड महिना."

मला त्यांचा संतापही आला आणि त्यांच्याबद्दल काय वाटलं ते सांगताही येत नाही. पुढचे काही दिवस त्या घरात गाणं लागलं नाही. नूपुरने फोनवर विचारलं तर काकांनी सांगितलं की अॅम्प्लिफायर दुरुस्तीला दिला आहे.

मग एका रविवारी ते मला गरियाहाटच्या फुटपाथवर घेऊन गेले. रबरी चपला हव्या होत्या, कुठल्याही मापाच्या, पण तळ जाड पाहिजे. विकणारा डावा-उजवा पाय जुळवत बसला, तर काका म्हणाले, "दोन्ही डाव्या दिल्या तरी चालेल." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

बंगाली घरात पलंगाखाली विटा ठेवून तो उंच करतात, खाली सामान मावावं म्हणून. या तक्तपोशाच्या पायांखालीही घरमालकांच्या काळापासून विटा होत्याच. काकांनी गल्लीतल्या चार माणसांना हाताशी घेऊन पलंग उचलला. प्रत्येक पायाखाली एक वीट, तिच्यावर चपलांच्या तळव्यांचे थर, त्यावर पुन्हा वीट. आणि मग स्पीकर उचलून थेट तक्तपोशावर ठेवले, एक डोक्याकडच्या कोपऱ्यात, एक पायाशी, मध्ये काहीही न घालता. जमिनीपासून तोडायचं होतं ते स्पीकरला नाही, पलंगाला. पोळपाट आमच्या आमच्या घरी परत गेले.

या वेळी वाट्या दोन होत्या, एक जमिनीवर आणि एक तक्तपोशाच्या फळीवर. काका पालथे पडले. खालच्या वाटीतलं पाणी स्वस्थ होतं आणि वरच्या वाटीतलं काठावरून सांडलं. खाली जाऊन ते विचारून आले. तरफदारबाबूंना पत्ताही नव्हता की वर काही लागलं आहे.

संध्याकाळी काकूंनी मशीन काढलं आणि त्या दोन स्पीकरांच्या मध्ये बसल्या. गाणं लागलं. त्यांची बोटं काही वेळ नुसती फळीवर टेकलेली राहिली, मग चालू लागली.

काका आपल्या खुर्चीत बसले नव्हते. मधोमध ठेवलेली ती खुर्ची त्यांनी भिंतीकडे सरकवली आणि ते तक्तपोशावर काकूंच्या शेजारी जाऊन बसले, तसेच पाठ लाकडाला टेकून. मला वाटलं, जवळ बसावंसं वाटलं असेल. पण त्यांनी कापसाचे बोळे कानात घातले, वर दोन्ही तळहात गच्च दाबले आणि डोळे मिटले. तिला जेवढं येतं तेवढंच त्यांना घ्यायचं होतं.

मी समोर बसले होते. खोलीभर गाणं भरलं होतं, आणि त्यातलं एकट्या मलाच सगळं ऐकू येत होतं, जिला त्यातलं काही कळत नाही. काकांचा चेहरा मी बघत होते. गाणाऱ्या बाई वर चढत होत्या, ताना घेत होत्या, आणि काकांच्या चेहऱ्यावर त्यातलं काही उमटत नव्हतं. तिथे फक्त तबल्याचा डग्गा पोचत असणार आणि तंबोऱ्याच्या खर्जाची एक बारीक थरथर. सूर नाही, शब्द नाही, माणसाचा आवाज नाही.

"एवढंच?" काका म्हणाले. कान बंद असलेली माणसं बोलतात तसे मोठ्याने. "शकुन, एवढंच येत होतं तुला?"

काकूंना ते ऐकू गेलं नाही. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि बोटं चालली होती. काका ओठ घट्ट मिटून रडायला लागले. आवाज त्यांनी होऊ दिला नाही, पण खांदे गदगदत होते.

काकूंची बोटं थांबली. डोळे न उघडताच त्यांनी फळीवर तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. मग तो सरकवत सरकवत काकांच्या गुडघ्यापर्यंत नेला.

"अहो," त्यांनी विचारलं, "तुम्ही रडताय का?"